रामबाईचा ओटा

आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या साली गावचा मोठा रस्ता रुंद करायचं ठरलं. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की बाकीच्यांनी दुकानात शिरायचं, असा तो रस्ता. रस्ता कमिटीचे वासुदेवराव म्हणाले, लोकांना विचारूनच करू. आणि खरंच सतरंज्या टाकून सभा घेतली.

सभेत जो तो आपापल्या दारापुढचा ओटा वाचवायला आलेला. तासभर नुसती तूतू-मैंमैं. मग मागून रामबाई उठली.

रामबाई सरपण विकायची. घरी गोंडी बोलायची, बाजारात आमची भाषा. नवरा गेल्यापासून एकटीच. जंगलात उंच दरडीवर मोळी बांधायची, खाली उतरून डोक्यावर घ्यायची, आणि गावात आली की माझ्या कापडदुकानाच्या ओट्यावर सरकवायची. जुना ओटा, तिच्या खांद्याइतका उंच. इथे गिऱ्हाईक नाही लागलं, तर गुडघे वाकवून मोळीखाली डोकं घालायचं आणि चालू पडायचं. कोणाला हात लावा म्हणायला नको.

ती म्हणाली, "ओटे पाडा जी, पण एक तेवढा उंच ठेवजा. नाई तं मी एकटी मोळी कशी उतरवू, कशी उचलू?"

वासुदेवराव खूश. "बाईची सूचना मंजूर," म्हणाले. टाळ्याही पडल्या.

ओटे पडले. रस्ता झाला, आणि चांगला झाला, नाव ठेवायला जागा नाही. निंबाखाली रामबाईचा ओटाही झाला. सिमेंटचा, गुळगुळीत, गुडघ्याइतका. बाई दमून येते, तिला टेकायला पाहिजे, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं.

मी वासुदेवरावांना म्हटलं, "अहो, तिले बसाचं नाई, मोळी ठेवाची हाय."

"आता झाला ना," ते म्हणाले. "होईल सवय."

चांगला माणूस हो, पण असा राग आला मला! उद्घाटनाचा नारळ त्यांनी रामबाईच्याच हातून फोडवला. ओट्याकडे पाहत ती म्हणाली, "चांगला हाय जी." चारचौघांत दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी मोळी घेऊन आली, ओट्यापुढे थोडा वेळ उभी राहिली आणि मान झटकून मोळी खाली टाकली. मग उचलायला येणाऱ्या-जाणाऱ्याला "जरा हात लावा जी" म्हणत बसली. लोक घाईत असतात. मी दिसलो तर मी लावायचो.

पुढे मोळी लहान झाली, पार निम्मी. मी विचारलं, "काऊन, रामबाई?"

"भुईवरून एकटीले एवढीच उचलते जी."

"मग भागते काय?"

"एका टायमाचं भागते."

संध्याकाळी त्या ओट्यावर म्हातारी मंडळी बसू लागली. वासुदेवरावही. एकदा रामबाई समोरून चालली होती, तर त्यांनी मोठ्या मायेने तिला थांबवलं.

"काय रामबाई, आता ओझं हलकं झालं ना?"

"हो जी," म्हणाली, आणि पुढे गेली.