मिक्कोसची उघडी बाजू

मिक्कोसला राग यायला कारण लागत नसे; त्या वर्षी मात्र कारण होतं. बायकोचा भाऊ फिदोन याने दोघांच्या ऑलिव्हच्या बागांमधला हद्दीचा दगड हळूहळू सरकवून मिक्कोसची दोन झाडं गिळली होती. मिक्कोसने बायकोला बजावलं, तुझ्या भावाला यापुढे बोटभरही जागा देणार नाही, मग आभाळ कोसळलं तरी.

आभाळ जागेवर राहिलं, पण लढाई आली. बिओशियातल्या त्यांच्या गावाची रीत अशी, की रणात नातलगांनी शेजारी शेजारी उभं राहायचं. आपल्या माणसांदेखत पळणार कोण? त्यामुळे मिक्कोसच्या उजवीकडे गावचा लोहार आणि डावीकडे नेमका फिदोन. डाव्या हातातली ढाल निम्मी आपल्याला आणि निम्मी डावीकडच्याला. म्हणजे ज्याने जमीन खाल्ली त्यालाच वर आडोसाही द्यायचा.

शत्रूची रांग लांब दिसली म्हणून सेनापतीने आठ ओळींच्या चार करून आपली रांग ताणली आणि स्वतः उजव्या टोकाला, मानाच्या जागी जाऊन उभा राहिला. मग शकुनासाठी बकरा कापला. अशुभ निघालं. दुसरा कापला. उन्हात चिलखतं तव्यासारखी तापली. मिक्कोस सेनापतीला आणि मेलेल्या बकऱ्यांना सारख्याच शिव्या घालत होता.

पुढच्या बकऱ्याने एकदाचा होकार दिला. बासरी वाजली, रांग निघाली आणि नेहमीचं सुरू झालं. जो तो उजवीकडच्याच्या ढालीआड अंग चोरू लागला आणि सगळी रांगच उजवीकडे कलायला लागली.

"दाजी, सरका ना जरा," फिदोन खांद्याने रेटत म्हणाला.

"बागेत सरकलास तेवढं पुरे."

"अहो, बाग कुठे काढताय इथे? लोहार चालला बघा लांब. बाजू उघडी पडतेय तुमची."

"पडू दे. माझी आहे."

मिक्कोस हट्टाने नाकासमोर चालत राहिला. त्याच्या आणि लोहाराच्या मध्ये गाढव जाईल एवढी फट पडली. गाढवाऐवजी शत्रू आला. भाला मिक्कोसच्या उजव्या खांद्यात घुसला. तेवढ्यात फिदोन आपली जागा मागच्याला देऊन वळसा घालून आला आणि मिक्कोसच्या उघड्या बाजूला ढाल लावून उभा राहिला. मिक्कोसने त्याही स्थितीत त्याला जागेवर जायला सांगितलं.

संध्याकाळी दोन्ही बाजूंनी आपणच जिंकल्याचं जाहीर केलं. मिक्कोसचा हात मात्र पुन्हा वर गेला नाही.

हिवाळ्यात ऑलिव्ह झोडपायचे दिवस आले. फिदोन न बोलावता काठी घेऊन आला, त्याने मिक्कोसची सगळी झाडं झोडून दिली, फळं त्याच्या टोपल्यांत भरली. मग दगडापलीकडची ती दोन झाडं झोडली आणि ती फळं निवांतपणे स्वतःच्या टोपलीत टाकली.

मिक्कोसने तोंड उघडलं. बायकोने त्याच्या लुळ्या हाताकडे पाहिलं. त्याने तोंड मिटलं. भाल्यानेही एवढी आग झाली नव्हती.

"येतो दाजी. हाताला तेल लावत जा," टोपली उचलत फिदोन म्हणाला.

तो दिसेनासा होईपर्यंत मिक्कोस थांबला आणि मग त्याने त्या दगडाला सणसणीत लाथ घातली. दगड जागचा हलला नाही.