उलथन्याचा डाग

हे मी आजवर कुणापुढं बोललेले नाही. भावापुढं नाही, बहिणीपुढं नाही. तुमच्यापुढं बोलते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही.

नवरा गेला, पोटी मूल नाही, म्हणून धाकट्या भावानं मला माधवनगरला आणलं. सुनील कुपवाडला कारखान्यात जातो. त्याची बायको वैशाली खंडाळ्याची. त्यांची एकुलती आर्या. आर्याला न्हाऊ घालणं, वेणी घालणं, भरवणं सगळं माझ्याकडं. मला वाटायचं, ही माझीच. पण पडली-धडपडली की हाक मारायची आईला. मला का नाही?

ती पाच वर्षांची असतानाची दुपार. वैशाली दळण आणायला गेली होती, मी भाकरी करत होते. आर्या पदर ओढत रडत होती, आईकडं चल म्हणून. आई, आई, आई — मी तव्यावरचं तापलेलं उलथनं उचललं आणि तिच्या हातावर टेकवलं. चुकून लागलं, असं मी स्वतःला किती वर्षं सांगितलं. लागलं नव्हतं. टेकवलं होतं.

वैशालीला म्हणाले, पोरीनं तव्याला हात लावला. ती तशीच पोरीला उचलून दवाखान्यात पळाली. परत आली तर मीच रडत बसलेली. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "असू द्या वन्सं. लेकरूच हाय ते. तुमी कशाला जिवाला लावून घेताय?"

पुढच्या वर्षी दोघांचं पटेनासं झालं. वैशाली माहेरी गेली, तिकडंच कंपनीत कामाला लागली. सुनीलनं आर्याला पाठवलं नाही, म्हणून तिनं मुलीच्या ताब्यासाठी सांगलीच्या कोर्टात अर्ज केला. आमच्या वकिलांनी विचारलं, आईविरुद्ध सांगण्यासारखं काही आहे का? सुनील मान हलवत नाही म्हणाला. तो खरं बोलत होता.

मी म्हणाले, आहे. तिनं पोरीला भाजलंय.

कुणी मला भाग पाडलं नव्हतं. दवाखान्याच्या कागदावर पोरीला आणणारी म्हणून वैशालीचंच नाव होतं — तोच कागद तिच्याविरुद्ध लागला. मी शपथेवर सांगितलं. त्या दिवशी आपण दळणाला गेलो होतो, असं वैशाली म्हणाली. त्याला साक्षीदार कोण? माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

आणि आर्याला मी आधी आठ दिवस शिकवलं. वेणी घालताना मी विचारायचे, हाताला कुणी भाजलं? पहिल्या दिवशी ती म्हणाली, "तू."

आठव्या दिवशी म्हणाली, "आईनं."

न्यायाधीश बाईंनी तिला आपल्या खोलीत नेऊन मायेनं विचारलं. तिथंही ती तेच म्हणाली. निकालात लिहिलं होतं, मुलीचं हित पाहून ताबा वडिलांकडं. आईनं महिन्यातून दोन शनिवार कोर्टातच भेटायचं.

वैशाली एसटीनं यायची. आर्या माझ्या मागं लपायची, जवळ जायची नाही. दोन तास वैशाली समोरच्या बाकावर बसून राहायची आणि जायची. वर्षभर आली. मग बंद झाली. खरं सांगू? मला हायसं वाटलं.

आर्या आता सोळाची आहे. गेल्या महिन्यात वैशालीचा फोन आला, एकदा भेटायचंय म्हणून. सुनील म्हणाला, पोरीला विचारा. मी विचारलं. आर्या वहीतून मान वर न करता म्हणाली, "नको आत्या. मला सगळं आठवतंय. तिनं उलथनं धरलेलं, हातात हिरव्या बांगड्या होत्या."

बांगड्या मी शिकवल्या नव्हत्या. त्या तिनं स्वतःच मनानं जोडल्या.

तोंड उघडायची तीच वेळ होती. आर्या माझ्यासमोर, हातभर अंतरावर होती. मी म्हणाले, "तुझी मर्जी." आणि भाजी निवडायला बसले.

वैशालीला फोन मीच केला. आर्या येत नाही म्हणाले. मग तिनं विचारलं, "जेवती का वो नीट?"

मी हो म्हणाले आणि फोन ठेवला.