चटणीतलं आळं

जयवंताबाईंचा हात सैल. रामाकोन्यात कोणालाही विचारा. पंगतीत वडाभात असला, की हिंगाच्या कढत तेलाचं भांडं त्यांच्याच हाती द्यायचं, असा गावाचा न लिहिलेला ठराव होता. भातावर कुस्करलेला डाळीचा वडा, मधोमध केलेलं आळं आणि ते काठोकाठ भरेपर्यंत तेल. जेवणारा "पुरे, पुरे" म्हणत राही आणि बाई ऐकू न आल्यासारखं करून धार सोडत. कोरडं वाढणं म्हणजे त्यांच्या लेखी पाहुण्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवणं. चांगल्या माणसाच्या हातून चुका होतात त्या अशाच, प्रेमाच्या भरात.

सहा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान हिरामण संत्र्याच्या बागेत झाडाला आळं करता करता खाली बसले, ते उठलेच नाहीत. वय बावन्न. त्याआधी आठेक दिवस ते छाती जड वाटते म्हणत होते. बाईंनी गॅस समजून ओवा दिला आणि अंगात ताकद यावी म्हणून मऊ भातावर तूप वाढवलं. कोणी बोल लावला नाही. दैवात तेवढंच होतं म्हणून बाईंनी डोळे पुसले आणि पुन्हा चुलीपुढे बसल्या.

यंदा मार्चात त्यांचा मुलगा कुलदीप बोरगावच्या कारखान्यातून एक कागद घेऊन आला. कामगारांची तपासणी झाली होती. पोरगा चौतीस वर्षांचा, धडधाकट, आणि कोलेस्टेरॉल दोनशे चौसष्ट. बाई त्याच्याबरोबर सौंसरला डॉक्टर अपर्णांकडे गेल्या.

"वडील कशानं गेले?" डॉक्टरांनी विचारलं.

कुलदीपनं आईकडे पाहिलं.

"अटॅकनं," बाई म्हणाल्या. सहा वर्षांत तो शब्द त्यांनी पहिल्यांदाच तोंडातून काढला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग हे हसण्यावारी नेऊ नका. तीन महिने देते. तंबाखू-सुपारीचा तो खर्रा आजपासून बंद. तळलेलं, डालडा, बेकरीचं बंद. ज्वारी, डाळी, पालेभाजी खा. जवसाची चटणी खा, ती चांगली. रोज पाऊण तास चाला. तरी नाही उतरलं तर गोळी घ्यावी लागेल, तेव्हा कुरकुर करायची नाही."

बाईंनी घर उलटंपालटं केलं. डालड्याच्या डब्यात कोथिंबीर पेरली. रविवारचे तर्रीपोहे गेले. संत्र्याचा रस मागितला, की कुलदीपच्या हातात अख्खं संत्रं यायचं. "चोथ्यासगट खाय. मॅडमनं सांगतलं आहे." खर्र्याची तलफ आली, की तो बडीशेप चावत अंगणात येरझाऱ्या घाली आणि सगळ्यांवर खेकसे. पहाटे बागेपर्यंत चालून येई. त्याची बायको सुचिता म्हणाली, "आई, तुम्ही तं डॉक्टरच्याबी वर झाल्या." बाईंना ते आवडलं. हिरामणच्या वेळी आपल्याला काही कळलं नाही, या वेळी कळलंय, एवढ्या एका आधारावर त्या उभ्या होत्या.

जूनअखेर रक्त तपासलं. दोनशे एकसष्ट.

"कसं शक्य आहे?" डॉक्टर म्हणाल्या. "सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाता ते सांगा. काहीच सोडू नका."

कुलदीपनं पाढा वाचला. भाकर, वरण, मेथी, काकडी, जवसाची चटणी.

"चटणी कोरडीच ना?"

मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. कोरडी चटणी कोण खातं? या भागात चटणीत आळं करून कच्चं तेल घालतात, तेव्हा कुठे ती चटणी होते.

"तेल नाई हो मॅडम, तेल म्या एक थेंब टाकलं नाई," बाई ठामपणे म्हणाल्या. "जवस गरम असते न. त्यात उन्हाळ्याचे दिवस. पोराले बाधू नये म्हून मी चटणीत तूप भरून राहिली. घरचं आहे, साजूक. ते औषधापायी होतं, जेवणात थोडीच धराचं!"

"किती तूप?"

बाईंनी टेबलावर बोटानं वाटोळं काढून दाखवलं. बोट चांगलं मोठं फिरलं.

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. सुचितानं एकदा इचारलं, तं मीच तिले गप केलं."

डॉक्टर हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकारच म्हणायचे. "मावशी, जवसानं, भाकरीनं जे उतरलं असेल ते या तुपानं पुन्हा चढवलं. महिन्याला दीडेक किलो तूप झालं हे. तूप विष नाही, पण याच्या अंगाला इतकं सोसणार नाही. अजून तीन महिने बघू. यापुढे मात्र मी थांबणार नाही, गोळी सुरू करेन."

बाहेरच्या बाकावर येऊन बाई बसल्या त्या बसल्याच. मोटारसायकल काढून कुलदीप परत आला.

"माय, चाल न."

"कुलदीप, तुह्या बापालेबी म्याच मारलं का रे?"

कुलदीप किल्ली खिशात टाकून आईशेजारी बसला.

"बाबाची कधी तपासणीच झाली नाई, माय. तंबाखू तोंडात ठेवून झोपे तो. अन् तुले कोणी सांगतलं होतं? सांगतलं असतं तं तू ऐकलं असतं. माह्या टाइमले ऐकून राहिली न तू?"

बाईंनी मान हलवली, पण ते खरं मानलं की नाही, कोण जाणे. माणूस दुसऱ्याला माफ करतो, स्वतःला करायला फार वेळ घेतो.

घरी आल्यावर त्यांनी तुपाची बरणी आणि चमचा सुचिताच्या हातात दिला. "आजपासून तू वाढ. माह्या हातावर माहा भरोसा नाई." चटणी आता लिंबू पिळून किंवा दह्यात कालवून यायची. कुलदीप पहिले चार दिवस पाण्याच्या घोटाबरोबर ती गिळायचा. श्रावणात मोहगावला भाच्याकडे पंगत होती. नेहमीप्रमाणे तेलाचं भांडं बाईंसमोर आलं. त्यांनी ते परत केलं आणि भाजीची बादली उचलली. बायकांनी चेष्टा केली, "जयवंताबाईचा हात आखडला वं!" बाई भाजी वाढत पुढे सरकल्या. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

सप्टेंबरात रिपोर्ट आला. दोनशे सात. कुलदीपचं वजनही पाच किलोनं उतरलं होतं. "सध्या गोळी नको," डॉक्टर म्हणाल्या, "पण दर सहा महिन्यांनी तपासायचं. आणि हे खाणं आता जन्माचं." बाईंनी तो कागद घरी नेऊन हिरामणच्या फोटोमागे खोचला.

पुढच्याच आठवड्यात पितृपंधरवड्यात हिरामणची तिथी आली. बाईंनी पहाटेच उठून वडाभात केला, त्यांना आवडायचा तसा. त्यांचं पान वाढलं. भाताच्या मधोमध आळं केलं आणि सुचिताकडून हिंगाच्या तेलाचं भांडं मागून घेतलं. तीन महिन्यांनी ते पुन्हा त्यांच्या हातात आलं होतं. त्यांनी धार सोडली. आळं भरलं, काठावरून तेल भातात उतरलं, पानावर पसरलं, तरी धार थांबेना. सुचिता काही बोलायला गेली, कुलदीपनं तिला खुणेनं थांबवलं.

पान छपरावर ठेवून झालं. कावळे आले. मग घरची माणसं जेवायला बसली. कुलदीपच्या ताटात थोडा भात, वाफवलेला वडा, वाटीभर कढी आणि सुचितानं मोजून घातलेलं चमचाभर तेल.

आईचा चेहरा पाहून त्यानं मुद्दाम ताट पुढे केलं. "माय, बाबाले एवढं अन् मले एवढंसंच?"

बाईंनी तेलाचं भांडं पदराआड ओढून घेतलं.

"त्याले आता काय होते, बापा," त्या म्हणाल्या. "तुले अजून लय वर्षं जेवाचं आहे."