पडीक जागा

आमच्या शाळेत तिला सगळे बादलीमावशी म्हणत. ती शिपाई. घंटा द्यायची, वर्ग उघडायचे, हजेरीची पुस्तकं फिरवायची, ही तिची नोकरी. प्रयोगशाळेच्या मागे, कुंपणाच्या भिंतीला लागून जी लांबट पट्टी होती, ते तिचं खूळ. मी त्याच शाळेतला कारकून. जे झालं त्यातला मुख्य शब्द माझ्या हातचा आहे, म्हणून मीच सांगितलेलं बरं.

जुनी स्वच्छतागृहं पाडली तेव्हा सगळा राडारोडा त्या पट्टीवर टाकून कंत्राटदार मोकळा झाला होता. मावशीने तो दोन वर्षं वेचला. रोज शाळा सुटल्यावर दोन टोपल्या, जास्त नाही. आम्ही हसायचो. मी तर तिला एकदा विचारलंही, "मावशी, खाली खजिना आहे का?" ती म्हणाली, "आहे ना. तुमच्यासारख्यांना दिसत नाही." तिसऱ्या वर्षी तिथे पालक आला, मग टोमॅटो, मग भिंतीवर चढणारा घेवडा. जवळ नळ नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या बेसिनमधून ती बादल्या भरून आणायची, तेहतीस पायऱ्या, आणि उजवा गुडघा कायम सुजलेला.

पाचवीची मुलं मधल्या सुट्टीत तिच्याकडे पळायची. या मुलांना कोथिंबीर जुडीतच उगवते असं वाटत असे. मावशी त्यांना ओळीत उकिडवं बसवायची. बी किती खोल घालायचं? तर्जनी मातीत खुपसायची, पहिल्या पेरापर्यंत. "बी झाकायचं, पुरायचं नाही," असं ती म्हणायची आणि शाईने बरबटलेली तीस बोटं एकदम मातीत जायची. घेवड्याच्या शेंगा वेलावरच वाळू द्यायची आणि पुढच्या वर्षीचं बी एका पत्र्याच्या डबीत घालून माझ्याच कपाटात, जावक नोंदवहीच्या मागे ठेवायची. अकरा वर्षं तेच बी. पाकीट तिने एकदाही विकत आणलं नाही.

मग ती योजना आली. शहरातल्या शाळांना शेतीशिक्षण प्रकल्पासाठी सरकारी अनुदान. परिपत्रक वाचून मीच उड्या मारत मुख्याध्यापकांकडे गेलो. म्हटलं, "सर, आपल्याकडे तर प्रकल्प तयारच आहे."

"तीच तर अडचण आहे," सर म्हणाले आणि त्यांनी चौथ्या अटीवर बोट ठेवलं. प्रकल्प नवीन हवा. जागा पडीक हवी. कामाआधीचा फोटो जोडायचा, आणि जागेची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याने तसं सहीनिशी लिहून द्यायचं.

सरांनी मावशीला बोलावलं. नळ मिळेल म्हणाले. पाइप, टाकी, सगळं अगदी पट्टीच्या कडेला.

"नळ नक्की?" तिने विचारलं.

"अर्जात पहिलाच आहे."

तिने गुडघा चोळला. मग म्हणाली, "घेवडा फुलावर आहे, सर. शेंगा वाळेपर्यंत थांबा. सगळं बी पेरलंय, डबी रिकामी आहे."

"मावशी, शुक्रवारी मुदत संपते. बी काय, बाजारात पोत्याने मिळतं."

मला तिथे तोंड उघडता आलं असतं. मी मूग गिळून गप्प बसलो. वाटलं, नळ आला की सगळं परत येईल. खरं तर सरांना कोण दुखावणार, एवढंच कारण होतं.

गुरुवारी दुपारी तिने वेल स्वतःच्या हातांनी उपटले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मी फोटो काढला. मग निवेदन टाइप केलं आणि सहीसाठी तिच्यापुढे ठेवलं. ती सावकाश वाचायची, शब्दाखाली बोट सरकवत. एका ठिकाणी बोट अडलं.

"भाऊ, पडीक नका ना लिहू. रिकामी लिहा."

"फॉर्ममध्ये तोच शब्द आहे, मावशी."

"पडीक म्हणजे जिला कुणी विचारत नाही ती. मी रोज..." तिने वाक्य सोडून दिलं आणि सही केली.

अनुदान मंजूर झालं. एका संस्थेचे लोक आले. मुलांचे बूट मळू नयेत म्हणून त्यांनी पट्टीवर फरशा बसवल्या. आपण कुठल्या मातीवर फरशी घालतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं, आम्हाला होतं. त्यावर चोवीस प्लास्टिकच्या कुंड्या मांडल्या, दारात हा भलामोठा फलक लावला. उद्घाटनाला टोमॅटो लगडलेली रोपंच गाडीतून आणली. प्रशिक्षक म्हणून एक प्रमाणपत्रवाला तरुण नेमला, तो तीनदा आला. मावशीला ताकीद होती, प्रशिक्षित माणसाशिवाय कुणी कुंड्यांना हात लावायचा नाही.

नळही आला. चकचकीत, अगदी कडेला. पहिल्याच आठवड्यात मुलं पाणी उडवतात म्हणून सरांनी त्याला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या खणात ठेवली. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी मावशी किल्ली मागायला गेली. "सुट्टीनंतर बघू," सर म्हणाले. सुट्टीनंतर कुंड्यांत काटक्या उरल्या होत्या. मला संताप आला, आणि माझा संताप नेहमीप्रमाणे टेबलापाशीच बसून राहिला.

तीन महिन्यांनी तपासणीचे साहेब आले. काटक्या बघून त्यांनी विचारलं, "याला जबाबदार कोण?" सर गडबडले नाहीत. त्यांनी फाइल पुढे केली. देखभाल करणारा कर्मचारी म्हणून त्या फाइलीत एकच सही होती.

नोटीस मलाच टाइप करावी लागली. सर सांगत गेले, मी लिहीत गेलो: अनुदानप्राप्त जागा पडीक ठेवल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. नाही म्हणायची ही माझी दुसरी संधी होती. तीही मी घालवली.

मावशी कार्यालयात आली. कागद टेबलावर ठेवून शब्दाखालून बोट सरकवू लागली. त्या बोटाच्या नखात आता माती नव्हती. त्याच शब्दापाशी ते पुन्हा थांबलं.

"मावशी, तो शब्द मी..." मी म्हणालो.

"असू द्या, भाऊ," ती म्हणाली. "या वेळी बरोबर लिहिलाय."

पोच म्हणून तिने सही केली, कपाटातून आपली रिकामी डबी मागून घेतली, आणि चौथ्या तासाची घंटा द्यायला गेली.