कान वाहायचा थांबला, त्याचे पेढे

कानाच्या डॉक्टरकडे किस्से कसले, असं मैत्रिणी विचारतात. अगं, कानात तेल, काडी, चाबी, लसणाची पाकळी, काय काय जातं! त्याच वाटेनं किस्से बाहेर येतात. मलकापुरात दवाखाना टाकून फार दिवस झाले नाहीत, तरी साठा भरपूर आहे.

चेन्नईहून शिकून आले ती एकच गोष्ट सांगायला: कान आणि मेंदू यांच्यामध्ये पापडासारखं पातळ हाड असतं. सतत वाहणारा कान ते हाड कुरतडू शकतो, मग पू मेंदूत शिरतो. हे मी बाजारात भाजीवालीलाही ऐकवलं. तिनं पिशवीत कोथिंबीर टाकली, इकडच्या भाषेत सांबार. म्हणाली, “सांबार फुकट घ्या मॅडम, पण माहे गिऱ्हाईक नका भेवाडू.”

*

एका कापूस व्यापाऱ्याच्या कानातून मी कापसाचा जुना, पिवळा बोळा काढला. आता लाजतील, असं वाटलं. त्यांनी तो चिमटीत धरला, ओढून पाहिला.

“धागा आखूड हाये. हा आपल्या जिनिंग मिलचा नाही.”

*

एक आई सर्दीनं डोळा सुजलेल्या मुलाला घेऊन आली. मी समजावलं, नाकाच्या बाजूच्या पोकळीतला पू डोळ्याकडे गेलाय, इथून मेंदूही लांब नाही.

“गणितात नापास झाला, तो याच्यानंच काय?”

“नाही हो.”

“मंग ते घरी पाहू. आधी डोळा पाहा.”

*

पिंपळगाव राजा या गावच्या कमलाबाईंचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. ऑपरेशन सुचवलं तर म्हणाल्या, “वाहू दे माय. डोक्यातली घाण निंगून जाते. भिंत ओली झाली म्हणून घर पडते काय?”

“मातीची असली तर पडतं.”

त्यांनी पदरानं कान पुसला. “कापसाची वेचणी झाली की पाहू.”

वेचणीच्या दिवसांतच त्या लेकीसोबत आल्या. हातात डबा, चेहऱ्यावर आनंद. कान वाहायचा थांबला होता! मी विचारलं, डोकं दुखतं का?

“हाव, लय. वांत्याबी होऊन राह्यल्या. ऊन लागलं.” त्यांनी डबा पुढे केला. “घे माय, हे... हे...”

त्यांना शब्द सापडेना. डब्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“कालपासून असंच करते,” लेक हसत म्हणाली. “चुलीलेही काय म्हणतात ते आठवेना.”

मला हसू आलं नाही. स्कॅनमध्ये डाव्या कानाच्या वर, मेंदूत जिथे शब्द असतात तिथेच, लिंबाएवढी पूची गाठ होती; पू बाहेर यायचं सोडून आत वळला होता. आल्या त्याच गाडीनं दोघींना ऑपरेशनसाठी अकोल्याला पाठवलं. डबा टेबलावरच राहिला.

मेंदूतला पू निघाला. पण शब्द परत येतील का, हे कुणीच सांगेना.

मग एका दुपारी कमलाबाई दारात उभ्या. पदराखाली बारीक कापलेले केस, हातात नवा डबा. त्यांनी सावकाश झाकण काढलं.

“पेढा,” त्या म्हणाल्या. “आधी खाय. मंग सांग, कानाची भिंत कवा बांधतं.”