पंपाच्या हिशोबानं बीपी

आर्णीला अब्बांचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. नळीत कचरा अडकला की प्रेशर चढतं, नळी साफ केली की उतरतं, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. त्यामुळे त्यांच्याच हृदयाच्या नळीत ब्लॉकेज निघून स्टेंट टाकला, तेव्हा त्यांना कोणी काही समजावून सांगायची सोयच राहिली नाही.

"लाइन साफ झाली ना? मग आता बीपी कायले राहते?"

नेमकं घरी आल्यावर मोजलेलं बीपी खरंच कमी निघालं. ते नव्या गोळ्यांमुळे असेल, असं मी म्हटलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण घरात मी मुलगीच. अब्बांनी बीपीची जुनी गोळी परस्पर बंद केली आणि भेटायला येईल त्याला पंप उघडून दाखवत व्याख्यान द्यायला लागले. गोळी सोडायला सांगणारा माणूस कोणाला आवडत नाही?

शेजारच्या टेलरकाकांना अब्बांच्या आधीच स्टेंट टाकलेला होता. दोघांची जुनी दोस्ती. काकांनीही गोळी सोडली. मला त्यांचीच जास्त धास्ती वाटायची. अब्बा निदान अधूनमधून बीपी मोजून घ्यायचे, काका मात्र अब्बांच्या शब्दावर निर्धास्त होते.

एका दुपारी कापड बेतताना काकांच्या हातातून कात्री गळून पडली. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बीपी वाढून लकवा आलाय; स्टेंटनं हृदयाची वाट मोकळी होते, बीपी साऱ्या अंगाचं असतं, ते त्यानं जात नाही. गोळी कोणी बंद करायला सांगितली, असं त्यांनी विचारलं. काकूंनी अब्बांकडे पाहिलं.

"मीच सांगतलं होतं त्याले," अब्बा म्हणाले.

मला त्यांचा संताप आला होता. त्यांनी त्याच संध्याकाळी आपली गोळी पुन्हा सुरू केली.

आता दुकान उघडायच्या आधी अब्बा रोज काकांकडे जातात. गोळी काढून त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवतात, पाण्याचा गिलास धरून उभे राहतात. परवा मीही सोबत गेले होते. काका गोळी तोंडाशी नेता नेता थांबले. बोलायला त्यांना बराच वेळ लागला.

"तू... घेतली का तुही गोळी?"

"घेतली," अब्बा म्हणाले, आणि काकांचा लुळा हात धरून रडू लागले.