पांतालेओनेची टॅक्सी मागे जात नाही

इटलीच्या किनाऱ्यावरच्या मिनोरी गावात टॅक्सीवाले मोजके, आणि त्यांच्यात शहाणा म्हणावा असा एकही नाही. तरी उद्धटपणात पांतालेओने आमात्रूदा सगळ्यांच्या वरताण होता. समोरून बस येवो, ट्रक येवो की नवरी घेऊन निघालेली मोटार येवो, हा गडी गाडी मागे घ्यायचा नाही. त्या किनाऱ्याच्या रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीनं मागे जाऊन कुठल्यातरी खाचेत अंग चोरून उभं राहायचं असतं. पांतालेओने मात्र मधोमध गाडी थांबवायचा, इंजिन बंद करायचा आणि खिडकीबाहेर हात काढून स्वतःची नखं बघत बसायचा. समोरचा आधी हॉर्न वाजवायचा, मग हातवारे करायचा, मग पांतालेओनेच्या आईचा उद्धार करायचा, आणि शेवटी मुकाट्यानं मागे जायचा. ‘‘आमात्रूदा मागे जात नसतात,’’ हा जाता जाता त्याला सुनावायचा, जणू याच्या पणजोबांनी समुद्री चाचे याच एका वाक्यावर परतवून लावले होते.

खरं कारण फार साधं होतं आणि ते पांतालेओनेनं कोणालाच सांगितलं नव्हतं. त्याची मान वळत नव्हती.

एकेकाळी हाच माणूस एक हात शेजारच्या सीटवर टाकून, ओठांत सिगरेट धरून, डोंगरावरच्या रावेल्लोच्या घाटातून उलटा उतरायचा आणि वाटेत गॅलरीतल्या बायकांना सलामही ठोकायचा. पण गेल्या हिवाळ्यात मानेचे मणके रुसले ते रुसलेच. मान उजवीकडे थोडी जायची, डावीकडे तेवढीही नाही. गाडी जुनी, मागचं दाखवणारा कॅमेरा वगैरे चोचले तिच्यात नव्हते. जानेवारीत त्यानं एकदा नुसत्या आरशांच्या भरवशावर गाडी मागे घेऊन पाहिली, तर वळणावरच्या कोनाड्यातली मादोन्ना, मेरीमातेची मूर्ती, खाली आली. त्यानं तिची क्षमा मागून तिला पुन्हा उभी केली. नाक काही सापडलं नाही. आळ अर्थातच कुठल्यातरी पर्यटकाच्या भाड्याच्या गाडीवर गेला.

तेव्हापासून पांतालेओनेनं ठरवून टाकलं की आपण आता मागे जायचंच नाही. लोकांनी माजोरडा म्हटलं तर म्हणू देत. मान गेली हे कळलं असतं तर सप्टेंबरातल्या डॉक्टरी तपासणीआधीच गावानं त्याची टॅक्सी काढून घेतली असती, आणि समुद्राकाठच्या बाकावर बसून एकमेकांच्या लघवीच्या तक्रारी ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांत त्याची भरती झाली असती. त्या बाकाची त्याला मरणापेक्षा जास्त भीती वाटायची. मेल्यावर निदान कोणी लघवीबद्दल बोलत नाही.

त्याची मुलगी मेना. पूर्ण नाव त्रोफिमेना, गावच्या संतिणीचं, पण त्या संतिणीची सहनशक्ती काही हिच्यात उतरली नव्हती. काही वर्षांपूर्वी ती म्हणाली होती, ‘‘पापा, पुढे टॅक्सी मी चालवीन.’’ पांतालेओने इतका हसला की त्याला ठसका लागला. ‘‘हा रस्ता आहे मेना, कणीक मळायची फळी नव्हे.’’ मेनानं तो विषय पुन्हा काढला नाही. ती शेजारच्या मायोरीत भाड्यानं गाड्या देणाऱ्या एका दुकानात नोकरीला लागली. सकाळी पर्यटकांना हसून गाड्यांच्या चाव्या द्यायच्या आणि दुपारी स्कूटरवरून जाऊन त्याच गाड्या रस्त्याच्या मधून उचलून आणायच्या, असं तिचं काम. एका डॅनिश जोडप्यानं तर बोगद्याच्या तोंडाशी गाडी सोडून, चावी लिंबं विकणाऱ्या म्हातारीकडे ठेवून, सरळ बोटीनं सालेर्नो शहर गाठलं होतं. अशी घाबरलेली माणसं मग पांतालेओनेच्या टॅक्सीत बसायची. ‘‘तू बुडव, मी वर काढतो,’’ तो रात्री जेवताना म्हणायचा. मेना हसायची, पण पुरतं नाही.

तर जुलैतल्या एका शनिवारी पांतालेओने फादर कोस्तांझोंना घेऊन रावेल्लोला निघाला होता. वर कुठल्याशा इंग्रज जोडप्याचं लग्न होतं आणि ते फादरनाच लावायचं होतं. ऊन असं की डांबर चपलांना चिकटत होतं. फादर मागे बसले होते, मांडीवर पूजेच्या वस्त्रांची पिशवी, आणि प्रत्येक वळणाला कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढत होते.

‘‘माझ्या गाडीत बसून देवाला कशाला त्रास देता, फादर?’’ पांतालेओने म्हणाला.

‘‘तुझ्या गाडीत बसलो म्हणूनच देतोय.’’

चौथ्या की पाचव्या वळणावर समोर एक पांढरी पिटुकली गाडी आली. आत एक डच जोडपं होतं. नवऱ्याचे हात स्टिअरिंगला चिकटलेले, बायकोचे स्वतःच्या डोळ्यांवर. त्यांच्या मागे साबातोची बस, माणसांनी ठासून भरलेली. बसच्या मागे गाड्यांची शेपूट, पार वरच्या बोगद्यापर्यंत. पांतालेओनेच्या मागे मात्र कोणी नव्हतं, आणि लिंबवाला पूर्वी आपली तीनचाकी लावायचा ती मोकळी जागा तर अगदी हाताशी होती. चार वेळा श्वास घ्यावा एवढंच मागे जायचं.

पांतालेओनेनं इंजिन बंद केलं.

साबातोनं बसच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. त्यानं आणि पांतालेओनेनं एकाच शाळेत एकाच मास्तराचा मार खाल्लेला. ‘‘पांतालेओ! आज नको रे! माझ्या मागे बघ किती गाड्या आहेत!’’

‘‘आमात्रूदा मागे जात नसतात.’’

‘‘हा डचवाला काय पंख लावून जाणार आहे का?’’

‘‘त्याचं तो बघेल. गाडी घेताना विचारलं होतं का मला?’’

‘‘पांतालेओने,’’ मागून फादर म्हणाले, ‘‘नवरी वाट बघतेय.’’

‘‘बघू दे. पुढे जन्मभर तेच करायचंय तिला.’’

तोंडाचा पट्टा चालू होता, पण त्याची नजर सारखी आरशाकडे जात होती. आजवर समोरचा कुणी ना कुणी मागे गेला होता. आज कुणालाच जाता येत नव्हतं. बसमधल्या बायका खाली उतरल्या, एकीनं पंखा काढला, एकीनं डच बाईला पीच दिलं, आणि दोघी-तिघी पांतालेओनेच्या टॅक्सीभोवती उभ्या राहून त्याच्या संस्कारांबद्दल मोठ्यानं बोलू लागल्या. डच माणसानं कुठेतरी फोन लावला. कुठे, ते पांतालेओनेला चांगलं ठाऊक होतं. त्या सगळ्या गाड्यांच्या काचेवर एकच नंबर चिकटवलेला असायचा.

थोड्याच वेळात खालून स्कूटरचा आवाज आला. मेनानं स्कूटर दगडी भिंतीला टेकवली, हेल्मेट काढलं, आणि मागून येऊन त्याच्या खिडकीपाशी, खांद्याच्या जरा मागेच उभी राहिली.

‘‘पापा, हे काय चाललंय?’’

‘‘तुझं गिऱ्हाईक. घेऊन जा.’’ पांतालेओने समोरच्या काचेशी बोलला.

‘‘त्याला घेऊन कुठे जाऊ? बसच्या खालून? तुम्ही जरा मागे घ्या.’’

‘‘नाही.’’

‘‘माझ्याकडे बघून बोला.’’

‘‘कान उघडे आहेत माझे. बोल.’’

‘‘पापा. माझ्याकडे बघा.’’

नाइलाजानं तो वळला. म्हणजे खांदे, छाती, पोट, सगळाच वळला, कपाट फिरवावं तसा, आणि मधेच सीटबेल्टनं त्याला अडवलं. मेनाचा चेहरा तिथून दिसेना. दिसला तो बाहेरच्या आरशात. आणि तो चेहरा बदलताना पांतालेओनेनं पाहिला. आधी राग होता, मग तिनं डोळे बारीक केले. जेवणाच्या टेबलाशी बापानं आपली खुर्ची हलवून तिच्यासमोर का घेतली, चर्चमध्ये शेजाऱ्याशी हात मिळवताना तो अख्खा का वळतो, हे सगळं तिथल्या तिथे तिच्या डोक्यात जुळत असणार. संपलं, त्याला वाटलं. आता ही मोठ्यानं विचारणार, पापा, तुमची मान वळत नाही का? पंखावाली बाई ऐकणार, आणि संध्याकाळपर्यंत बाकावर जागा तयार.

मेनानं दार खाडकन उघडलं.

‘‘अहो, लाज वाटते का जरा?’’ ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की बसमधलं एक तान्हं मूल रडू लागलं. ‘‘काय ते आमात्रूदांचं लावलंय! राजे आहात का तुम्ही? सात पिढ्या लिंबं विकली आपण! माझी आई या हट्टापायी अर्धी झाली होती! सरका! सरका तिकडे! आमात्रूदा मागे जात नसतील, मी आईवर गेलेय, मी जाते मागे!’’

बायकांनी टाळ्या वाजवल्या. पांतालेओनेनं एवढ्या शिव्या जन्मात ऐकून घेतल्या नव्हत्या आणि एवढं बरंही जन्मात कधी वाटलं नव्हतं. तो गियरवरून पलीकडे सरकू लागला. मधेच त्याचं बूड अडकलं, फादरनी मागून ढकललं, आणि तो एकदाचा शेजारच्या सीटवर जाऊन पडला. मेनाला कायद्यानं ती टॅक्सी चालवता येत होती का, हे विचारायला तिथे कोणी रिकामं नव्हतं.

तिनं उजवा हात त्याच्या सीटच्या पाठीवर टाकला, मागे बघितलं, आणि गाडी एका दमात लिंबवाल्याच्या जागेत नेऊन लावली. भिंतीपासून बोटभर अंतर. पांतालेओनेला आधी हेवा वाटला. अगदी जळफळाटच झाला. मग त्याच्या लक्षात आलं की हा हात असा टाकायला तिला कोणी शिकवलं नव्हतं, लहानपणी मागच्या सीटवर बसून तिनं नुसतं बघितलं होतं, आणि त्याला इतका अभिमान वाटला की तो घाईनं खिडकीबाहेर बघू लागला. मान तेवढी वळत होती.

डच जोडपं हात जोडत पुढे गेलं. मग साबातोची बस आली आणि टॅक्सीला खेटून उभी राहिली. मागच्या शेपटीनं हॉर्नचा गदारोळ केला, पण साबातोला बोलायचं असलं की साबातो थांबतो.

‘‘अखेर कुणीतरी मागे गेलं, देवा!’’ तो वरून ओरडला. ‘‘मेना, तू फार आधी यायला हवं होतंस. जानेवारीपासून तुझ्या बापासाठी मागे जाऊन जाऊन आता आमच्याही माना धरायला लागल्यात!’’

‘‘आमच्याही?’’ पांतालेओने म्हणाला.

साबातोनं जीभ चावली. त्यानं फादरकडे बघितलं. फादर पिशवीचा बंद सोडण्यात एकाएकी गुंतले.

‘‘आमच्याही म्हणजे काय? फादर?’’

‘‘मला काही माहीत नाही.’’

‘‘लग्न लावायला निघालायत. वाटेत खोटं बोलू नका.’’

फादरनी सुस्कारा सोडला. ‘‘मादोन्नाचं नाक कोणी उडवलं तेसुद्धा सगळ्यांना माहीत आहे, पांतालेओने.’’

‘‘तुझा हॉर्न ऐकला की मागे जायची खाच आम्ही आधीच हेरून ठेवतो,’’ साबातो आता खालच्या आवाजात म्हणाला. ‘‘बसवाले, मासेवाले, सगळेच. लिंबवाल्यानं तीनचाकी वर लावायला सुरुवात केली ती कशाला, त्याला काय चढ चढायची हौस आहे? थोड्या शिव्या घालायच्या, नाहीतर तुला संशय आला असता. आज हा डचवाला मधे आला. त्याला कोण सांगणार?’’

पांतालेओनेला वाटलं, दार उघडावं आणि थेट समुद्रात जावं. सहा महिने तो स्वतःला या रस्त्याचा राजा समजत होता, आणि लोक त्याला आंधळ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसे वाट करून देत होते. ती नखं बघत बसणं. ती वाक्यं. त्याच्या कानशिलांपर्यंत आग गेली.

‘‘हरामखोरांनो!’’ तो ओरडला. ‘‘या गावात बाईला दिवस गेले की नवऱ्याच्या आधी खाटकाला कळतं! अख्ख्या किनाऱ्यावर एक गोष्ट दुपारपर्यंत टिकत नाही! आणि माझ्या मानेबद्दल एकालाही तोंड उघडता आलं नाही?’’

‘‘उघडून काय करणार होतो?’’ साबातोही ओरडला. ‘‘तू बाकावर जाऊन बसला असतास! मग मी भांडायचं कोणाशी? त्या डचवाल्याशी?’’

त्यानं बस पुढे काढली. तिच्या मागून गाड्यांची रांग सरकत राहिली, आणि प्रत्येक ओळखीचा माणूस जाताना टॅक्सीत बघायचा आणि घाईघाईनं नजर फिरवायचा. ते बघून पांतालेओनेचा राग हळूहळू निवत गेला. रागवायचं तर सगळ्यांवरच रागवायला हवं होतं, आणि एवढ्या लोकांनी एवढे दिवस जीभ आवरून धरली, त्यात त्यांना किती त्रास झाला असेल ते त्याच्याइतकं कोण ओळखणार?

रस्ता मोकळा झाला. मेनानं दाराच्या मुठीवर हात ठेवला.

‘‘चला पापा, या तुमच्या जागेवर. मला स्कूटर घेऊन जायचंय.’’

ती काहीच विचारत नव्हती. त्यानं मनात आणलं असतं तर सप्टेंबरपर्यंत काही अडलं नसतं, सगळा किनारा त्याच्यासाठी मागे जातच राहिला असता. पांतालेओने आपल्या सीटकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत तिला त्याच्या अंगाचा खड्डा पडला होता आणि मेना त्यात अगदीच छोटी दिसत होती.

‘‘बस तिथेच,’’ तो म्हणाला.

‘‘आणि दुकान?’’

‘‘दुकानाला सांग, बाप आजारी आहे. आहेच.’’ मग सीटबेल्ट ओढत, ‘‘सोमवारी नगरपालिकेत जाऊ. परवाना तुझ्या नावावर करायचाय. आणि आता रडलीस तर उतरवीन.’’

‘‘मी कुठे रडतेय? तुम्हीच रडताय.’’

‘‘मी मानेमुळे रडतोय. नवरी ताटकळलीय, चल.’’

मेनानं गाडी काढली. पुढच्याच वळणावर वरून मासेवाल्याची व्हॅन आली. टॅक्सी दिसताक्षणी मासेवाल्यानं सवयीनं व्हॅन थांबवली आणि चढावर, धापा टाकत, मागे जाऊ लागला.

पांतालेओनेनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

‘‘ए! कुठे निघालास उलटा?’’ तो घसा फोडून ओरडला. ‘‘ये, पुढे ये! गाडी माझी पोरगी चालवतेय. मागे आम्ही जाऊ!’’